त्यांले सांगा

पुढचं दार बंद, मागचं दार बंद, मधल्या खड्ड्यात ओमेश. डोक्यावर लोखंडी जाळी. पुढच्या दाराच्या फटीतून पाणी येतच होतं.

कालव्याच्या एकेका दाराला दोन टोकांना दोन मोटारी. एकीनं किती उचललं ते दुसरीला कॉम्प्युटर सांगतो, म्हणून दार सरळ चालतं. आज दूर बसलेल्या कोण्या भामट्यानं त्या कॉम्प्युटरात शिरून खोटं सांगितलं. कचरा काढायला ओमेश मागच्या दाराखालून आत गेला होता. दोन्ही दारं पडली, मागचं तिरपं.

"सिस्टीममध्ये कोणीतरी घुसलंय," फोनवर साहेब म्हणाला. "मेन स्विच पाडा. मागचं दार हातानं उचला. पण दोन्ही टोकांची हातचाकं सारखी फिरवा, नाहीतर दार कायमचं अडकेल."

साहेबाचं काय जातं? तो कोरडा.

एका चाकाशी धनलाल, ओमेशचा थोरला भाऊ. दुसऱ्याशी भूमेश्वरी, ओमेशची बायको, डबा घेऊन आलेली. मधे कॉम्प्युटरची खोली. एकमेकांचं काही दिसेना. आणि धनलाल तिचा भासरा. भासऱ्याशी बोलत नाहीत. लग्न होऊन आली तेव्हापासून तिचा आवाज त्याच्या कानी पडला नव्हता. इज्जतदार घर म्हणतात ते हेच.

पदर दातात धरून ती जाळीकडे वाकली. "अवो, त्यांले सांगा, माहा एक फेरा झाला."

"दादा, तिचा एक झाला!"

"तिले सांग, माहे दोन झाले!"

दार करकरलं.

"मी बुडून राहिलो," ओमेश खालून ओरडला, "अन् तुम्ही निरोप धाडून राहिले!"

मग पाणी जाळीला टेकलं. ओमेशचा आवाज बंद झाला. जाळीतून नुसती बोटं वर आली.

भासऱ्याला हाक काय मारायची, हेही तिला ठाऊक नव्हतं. दातातला पदर सुटला.

"थांबा!"

पलीकडचं चाक थांबलं.

"आता फिरवा!"

"झाला!"

"फिरवा!"

"झाला!"

दार सरळ झालं, उचललं. पाण्याबरोबर ओमेश कालव्यात फेकला गेला, पालथा पडून खोकत राहिला. जिवंत.

खोलीला वळसा घालून धनलाल आला. हाताची साल निघालेली. तोवर भूमेश्वरीचा पदर नाकापर्यंत आला होता. ती विजेच्या खांबाकडे वळली.

"खांबा, त्यांले सांग, डब्यात तूप हाये, हाताले लावा म्हणाव."

धनलालनंही खांबाकडेच पाहिलं.

"तिले सांग," तो म्हणाला, "हे घरी कोणाले सांगू नोको म्हणाव."