एकूण वजन

"एकशे सव्वीस किलो," फरशी म्हणाली. घरातल्या माणसांचं एकूण वजन ती रोज सकाळी चहाआधी सांगायची. माणसं दोनच, हेरंब आणि त्याची आई. दोन महिन्यांत सहा किलो उतरले होते. डाएट हेरंबचं, म्हणजे उतरलेले किलोही त्याचेच. तेही ऑफिसात रोज चोरून वडे खाऊन!

शनिवारी आई मावशीकडे राहायला गेली. रविवारी फरशी म्हणाली, "ब्याऐंशी." डाएटच्या पहिल्या दिवशी डॉक्टरांकडे त्याचं वजन भरलं होतं तेवढंच.

हेरंबनं घाबरून फोन लावला. "आई, तू नीट जेवत नाहीस का?"

"जेवते की, तुझ्यासारखंच. मुगाचं कढण. तू पोट मारत असताना मला भात गोड कसा लागेल?" आई म्हणाली. "बरं, आज किती उतरलं रे तुझं?"