पूर्वरंगानंतरचा हार

पडद्यावर दिगंबरबुवा हसून म्हणाले, "मंडळी, गुरू ग्रहाच्या चंद्रावरच्या आमच्या घुमटाला तडा गेलाय. हवा अर्धा तास पुरेल. म्हटलं, तेवढ्यात पूर्वरंग तरी होईल!"

देवळाच्या सभामंडपात कुमुदिनी हार घेऊन पडद्यापाशी उभी होती. तिकडचा प्रकाश इथे यायला चाळीस मिनिटं लागतात, हे नवरा नोकरीवर गेल्यापासून तिला पाठ होतं. म्हणजे हे बोलणारा तिचा नवरा केव्हाच गेला होता.

बुवा मात्र निरूपणात रंगले होते. "युरोपातल्या एका आकाशवेड्यानं दुर्बिणीतून याच गुरूच्या चंद्राची ग्रहणं मोजली. गुरू लांब गेला की ती उशिरा दिसायची. लोक म्हणाले असतील, बाबा रे, तुझंच घड्याळ बिघडलंय! तो म्हणाला, घड्याळ ठीक आहे, प्रकाशालाच वाटेत वेळ लागतो. तेव्हापासून, मंडळी, 'दिसतंय' म्हणजे 'आहे' असं म्हणायची सोय उरली नाही."

पूर्वरंग संपला. आता बुवांना हार घालायचा, आणि तो मान कायम कुमुदिनीचा.

"कुमुद, ये," म्हणत बुवांनी डोळे मिटून मान वाकवली.

"वहिनी, नको," पेटीवाले नारोपंत कुजबुजले. "तसबिरीला हार घातल्यासारखं होईल हो."

"हे मान वाकवून उभे आहेत, भावजी. त्यांना ताटकळत ठेवू?"

तिनं हार पडद्यावर चढवला. बुवांनी मान वर केली, गळ्याशी हात नेला आणि हार पोहोचल्यासारखे हसले.

मग पडदा काळा झाला. त्यावर हार तेवढा राहिला.