नवरा-बायकोचे दोन पत्ते

"नवरा एक पत्ता सांगतो, बायको दुसरा," निदिया म्हणाली. "आणि म्हणे एका घरात राहतात!"

टॅक्सीवाला चेपे आरशात बघून हसला. "माझी बायको तर मला घरातसुद्धा ओळख दाखवत नाही, मॅडम. सोडू कुठे ते सांगा."

"अंजिराचं मोठं झाड होतं तिथे."

"ते माझा बाप शाळेत होता तेव्हाच पडलं," असं म्हणत चेपेने नेमक्या जागी गाडी थांबवली. तिथे आता बसथांबा होता.

निदियाला याचं काही नवल वाटलं नाही. कोस्टा रिकात खूण पडली, जळली, विकली गेली तरी पत्ता तोच राहतो. ती स्वतः सान होसेत सोड्याच्या कारखान्यामागे राहायची आणि तो कारखाना तिने जन्मात पाहिला नव्हता.

तिला खटकत होतं ते वेगळंच. फिनलंडहून आलेल्या ओस्मोने इथल्या फ्लोरी नावाच्या विधवेशी लग्न केलं होतं आणि त्या जोरावर राहण्याचा परवाना मागितला होता. लग्न कागदापुरतं ठरलं, की म्हाताऱ्याला देश सोडावा लागणार. परदेशी लोकांच्या कचेरीत निदियाने दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून विचारलं. कॉफी कोण करतं, घोरतं कोण, कुत्र्याचं नाव काय? उत्तरं इतकी तंतोतंत जुळली, की तिची भुवई वर गेली. पढवलेले पोपटच एवढं सारखं बोलतात. पण पोपट पत्ता कधी चुकत नाहीत, आणि हे दोघे नेमके तिथेच चुकले. तिला चैन पडेना, म्हणून भर उन्हात ती स्वतः आली होती.

बायकोने सांगितल्याप्रमाणे ती झाडापासून चढाने वर गेली. तिने सांगितलेलं निळं फाटक हिरवं निघालं. ओले हात पुसत फ्लोरी बाहेर आली आणि कचेरीतली बाई दारात बघून तिचा चेहराच उतरला.

"बाई, एकच विचारते," निदिया म्हणाली. "तुमचे यजमान म्हणाले, तिनोच्या बेकरीपासून खाली. ही बेकरी कुठली?"

फ्लोरीने कपाळावर हात मारला. "अहो! अहो, आधी इकडे या!"

घरामागून ओस्मो आला. पायात रबरी बूट, दोन्ही हातांत केळीचा घड, आणि पायांत घोटाळणारा कुत्रा. "तुम्ही जरा बाजूला व्हा," तो कुत्र्याला म्हणाला. इकडे कुत्र्यालाही अहो-जाहोच करतात.

"यांना बेकरी सांगितलीत?" फ्लोरी कडाडली. "रोज जेवताना घोकून घेतलं मी! झाडापासून वर, झाडापासून वर! अख्खा गाव झाडापासून सांगतो, आणि तुमचं आपलं तिसरंच. आता बसा विमानात! जा, बर्फात जाऊन एकटे बसा!"

एवढं बोलून तिने एप्रन तोंडावर ओढून घेतला. पुन्हा एकदा एकटीसाठी कॉफी करायची तिला भीती वाटत होती. ती रडतेय हे कुत्र्यालासुद्धा कळलं.

ओस्मो घड धरून तसाच उभा राहिला. "ते झाड मी पाहिलेलं नाही. या मॅडम इतक्या नीट ऐकत होत्या, मला न पाहिलेली खूण सांगवेना."

"मी तरी कुठे पाहिलंय? मी पाळण्यात होते!"

"मग बेकरी दाखवा," निदिया म्हणाली.

ओस्मोचे हात अडकलेले होते. त्याने ओठांचा चंबू करून वरच्या वळणाकडे खूण केली. निदियाची आजी अशीच वाट दाखवायची. वळणावर कमरेएवढं गवत माजलेलं होतं, दुसरं काही नव्हतं.

"तिथे तर काहीच नाही."

"आता नाही. तिनो गेला, पोरांनी पाडून टाकली. मी आलो तेव्हा होती. मला तुमची भाषा येत नव्हती, पण पावाकडे बोट दाखवलं की तिनो तो द्यायचा. ही मला तिथेच भेटली. माझ्याकडे बघून हसली."

"हसले नाही," फ्लोरी एप्रनआडून म्हणाली. "शेवटचा पाव होता आणि तो माझा होता. तुम्ही उचललात."

"अर्धा दिला की तुम्हाला."

"अर्धा? नखाएवढा तुकडा होता!"

"हे कचेरीत का नाही बोललात?" निदियाने विचारलं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "वकिलाने हे पढवलं नव्हतं," ओस्मो म्हणाला.

निदिया ओसरीवर टेकली. फ्लोरीने कापडातून गाळलेली कॉफी आणून दिली. निदियाने ती सावकाश प्यायली, आणि तेवढा वेळ त्या दोघांचाही बसायचा धीर झाला नाही. कप रिकामा झाल्यावर तिने चेपेला फोन लावला.

"कुठे येऊ, मॅडम? झाडापाशी?"

निदियाने वळणावरच्या गवताकडे एकदा नीट बघून घेतलं.

"नको. तिनोची बेकरी होती तिथे या."

"आलोच," चेपे म्हणाला. कुठली बेकरी, असं त्याने विचारलं नाही.