परका पाना

पुढच्या डाव्या चाकाच्या नटावर बोट टेकलं आणि अली मिस्त्रींचा हात तिथंच थबकला.

नट अडवून ठेवणारी पिन त्यांची नव्हती. त्यांच्या पिनेचा एक पाय नटावर दुमडलेला असायचा, दुसरा खाली वळवलेला. बारा वर्षांत त्यात फरक पडला नव्हता. या पिनेचे दोन्ही पाय पकडीनं साफ तोडले होते. आणि ही डॉज मोटार पंधराच दिवसांपूर्वी याच गॅरेजातून बाहेर पडली होती, चारही चाकं मिस्त्रींनी स्वतः बसवून.

“म्हादेव,” ते खाली बसूनच म्हणाले, “गाडीला कुणाचा हात लागला?”

“कुनाचा लागनार, मिस्त्री? तुमीच तं करता सगला.”

मिस्त्री उठले. इंजिनातली तेल मोजायची पट्टी ओढून त्यांनी तेल चिमटीत चोळलं. तेल कोरं होतं. पंधरा दिवस पनवेल-खोपोली फेऱ्या मारून तेल असं राहत नाही. म्हणजे त्यांनी घातलेलं तेल कुणीतरी ओतून टाकलं होतं.

पट्टी त्यांनी परत खोचली. पण कानशिलं तापली.

दुसरी मोठी लढाई संपल्यावर लष्कराच्या लिलावात महादेवानं ही डॉज घेतली, टॅक्सीचा परवाना काढला, तेव्हापासून तिला दुसऱ्या कुणाचा पाना लागला नव्हता. माल निवडावा तर अली मिस्त्रींनी, असं पनवेलच्या बाजारात म्हणत. फॅनबेल्ट ते दुमडून पाहत, प्लगचे आटे नखानं तपासत, ब्रेकचं तेल हुंगून घेत. “डब्यावरचं काय वाचायचं? छापणारा काहीही छापतो,” असं त्यांचं म्हणणं. गेल्या उन्हाळ्यात डॉजचे ब्रेक चौक गावाजवळ जाम झाले. आतली रबरं फुगली होती. मिस्त्रींनी तेलात भेसळ आहे म्हणून दुकानदाराला भर बाजारात फैलावर घेतलं. एरवी शब्दाला शब्द देणारा तो माणूस त्या दिवशी मुकाट्यानं ऐकून घेत राहिला. महादेवासाठी मिस्त्री असे भांडत होते, आणि हा त्याचा मोबदला!

तसा महादेव वर्षभर जरा जास्तच गोड झाला होता. आधी गुपचूप येऊन फळीवर बसायचा. हल्ली कोपऱ्यावरूनच ओरडत यायचा, “मिस्त्री, मी म्हादेव आलो!” बारा वर्षांची नाही, जणू कालचीच ओळख. प्रत्येक वस्तू हातात देताना तिचं नावही सांगायचा. मिस्त्रींना तेव्हाच ते खटकलं होतं.

आणि पिनेचे पाय असे तोडायची खोड एकालाच होती. त्यांचा सख्खा भाचा हाफिज. आठ वर्षं हाताखाली शिकला आणि गेल्या साली कोन गावी हमरस्त्यावर स्वतःचं गॅरेज काढून बसला. मिस्त्रींनीच त्याला पान्यांचा जोड भेट दिला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी टांगा मागवला. फहमिदा, त्यांची बायको, दारात आडवी आली.

“जाऊ नका. हाफिज वाईट नाही हो.”

“मी हाफिजचं नाव तरी घेतलं का?”

ती दारातून बाजूला सरली. मिस्त्री समजायचं ते समजले. हिलाही ठाऊक होतं. तीस वर्षांच्या संसारात आज पहिल्यांदाच त्यांना आपल्याच घरात परकं वाटलं.

“बरं, मग मी येते बरोबर,” ती म्हणाली.

“भाच्याचा कान धरायला मला बायको लागते?”

टांगेवाल्यानं त्यांना कोनला अगदी गॅरेजच्या दारात उतरवलं. आत इंजिन चालू होतं. तो आवाज मिस्त्रींनी झोपेतही ओळखला असता. डॉज! काल त्यांच्या हातून गेलेली गाडी आज इथं उभी होती.

“मामू? सांभाळून, पायरी आहे,” हाफिज लगबगीनं पुढे आला.

“पायरी राहू दे. ही गाडी इथं कधीपासून येते?”

“गॅरेज काढल्यापासून.”

“मी बसवलेलं तू काढतोस?”

“काढतो, मामू.”

“माझ्या मालात खोट होती?”

“माल चांगलाच असतो तुमचा.”

“मग कामात? तुला शिकवलं कुणी?”

“तुम्हीच.”

पोरानं उलट बोलायला हवं होतं, भांडायला हवं होतं. मग त्याला चार शिव्या देऊन मोकळं तरी होता आलं असतं. हे खालच्या आवाजातलं बोलणं मिस्त्रींना फार लागलं. गाडीजवळ, दोन हातांवर कुणी गिऱ्हाईक उभं होतं. परक्यासमोर घरचं भांडण नको, असं मनात आलं, पण आता आवाज आवरेना.

“तुला मी माफ करीन, तू घरचा आहेस. पण त्या म्हादेवाला नाही! बारा वर्षं माझ्या घरचा चहा प्यायला तो. त्याच्या गाडीसाठी मी ईदच्या दिवशी अंगावर ग्रीस घेतलंय. बेइमान! ‘मिस्त्री, तुमच्यावर भरवसा राहिला नाही,’ असं त्यानं मला तोंडावर सांगायचं होतं. बोलाव त्याला. माझ्या डोळ्याला डोळा भिडवून सांगू दे!”

कुणी हललं नाही. हाफिजनं हात लांब करून इंजिन बंद केलं.

“मामू,” तो म्हणाला, “म्हादेव तुमच्यासमोरच उभा आहे. मघापासून.”