नदीची मनाई

वैनगंगेच्या पुराने गावाला वेढा घातला होता आणि माझ्या सुनेला, पुनमला, कळा सुरू झाल्या होत्या. तहसीलला फोन केला, तर तासाभरात बचाव पथकाची रबरी बोट थेट आमच्या अंगणात आली. जवानांसोबत दवाखान्यातल्या संघप्रिया सिस्टर होत्या. रेनकोटवर ढगळ लाइफ जॅकेट आणि केसांतून गळणारं पाणी.

पुनमला तपासून त्या म्हणाल्या, "मूल आडवं आहे. पलीकडं दवाखान्यातच न्या लागन."

माझी बायको मनकर्णा दार अडवून उभी राहिली. "पोटुशी बाई भरली नदी ओलांडत नाई. नदी पोटचं मागते."

"बाई, इथी राहिली तर दोघंबी जातीन."

"बोलाले तुमचं काय जाते, सिस्टर? तुमच्या पोटचं आहे काय?"

जवान एकमेकांकडे बघू लागले. पाणी ओट्याला लागलं होतं. सिस्टरांनी जॅकेटचे पट्टे सोडले, रेनकोट उघडला. सातवा-आठवा महिना असावा.

"याले घेऊनच नदी ओलांडून आली, बाई," त्या म्हणाल्या.

मनकर्णाने दार सोडलं. मग पुढे झाली आणि तिने स्वतःच्या हातांनी सिस्टरांच्या जॅकेटचे पट्टे पुन्हा लावून दिले. जवानांवर मात्र ती खेकसली, "काऊन उभे राह्यले, बाबू? उचला तिले! अन् हळू चालवा, चौघं आहेत."