गोळपच्या चढावरचा सायकलवाला

घंटी तीनदा वाजली आणि सायकल शिवलकर हवालदारांच्या नाकासमोरून सटकली. अडवायला पसरलेला त्यांचा हात तसाच राहिला.

"ए, थांब! थांब म्हणतो ना!"

सायकलवाल्याने मागे न बघताच एक हात उंच केला, टाटा करावा तसा, आणि तो गोळपच्या चढाला लागला. पिवळं जाकीट, डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर काळा चष्मा, तोंडाला फडकं. माणूस कोण, कुठला, कळायला मार्ग नव्हता. टपरीवरचे दोघेतिघे चहा पिता पिता हसले आणि शिवलकरांच्या अंगाची लाही लाही झाली.

दिवाळी संपता संपता चौकीत एक निनावी अर्ज आला होता. पावस रस्त्यावर रोज एक सायकलस्वार भरधाव जातो, फिरायला येणाऱ्या वयस्क माणसांना भीती वाटते, तरी बंदोबस्त व्हावा. साहेबांनी तो अर्ज शिवलकरांच्या हातात ठेवला.

"बीट तुमचं आहे. सायकल तरी धरता येईल ना? शिमग्यापर्यंत धरा. नाहीतर बीट त्या नव्या शिपायाला, विनीतला देतो आणि तुम्ही चौकीत बसून टपाल बघा."

त्यातला 'तरी' त्यांना फार लागला. अठ्ठावीस वर्षांची नोकरी, त्यातली नऊ याच रस्त्यावर. इथलं घर न् घर त्यांना ओळखत होतं. टपाल बघायचं म्हणजे जिवंतपणी पेन्शनीत निघाल्यासारखंच होतं.

दुसऱ्या दिवशी ते मोटारसायकल घेऊन मागे लागले. सायकलवाला सरळ एका पाखाडीत शिरला. दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे आणि मध्ये जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट. मोटारसायकल अडकली ती अडकलीच. काढायला चार माणसं लागली आणि चारही हसली.

"सायकलवाल्याला सायकलनंच धरायला पायजे," ताट वाढता वाढता त्यांची बायको मालन म्हणाली. "आमच्या दादाची पडून हाय माळ्यावर. काढू?"

"लोक हसतील गो."

"मग आता काय रडतायत?"

सायकल माळ्यावरून खाली आली.

पहिल्याच वळणावर त्यांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. सायकल टाकून ते गडग्यावर बसले. छाती नुसती धडधडत होती. त्यांचा थोरला भाऊ भागोजी असाच एका चढावर दम लागला म्हणून बसला होता, बावन्नाव्या वर्षी, आणि मग उठलाच नव्हता. शिवलकरांना एक्कावन्नावं चालू होतं. त्यांना भीती वाटली, अगदी खरी. मग वर पाहिलं, तर पुढच्या वळणावर सायकलवाला पाय टेकून उभा, त्यांच्याकडेच बघत. हे उठून उभे राहिले तेव्हाच तो हलला. भीती गेली आणि तिच्या जागी संताप आला.

"चिडवतोय मेला," ते घरी येऊन म्हणाले. मालनने ताटात नाचणीची भाकरी वाढली. रेशनचा तांदूळ हल्ली बरा येत नाही म्हणून भात तिने बेताचाच केला होता.

खरी गंमत पुढेच होती. शिवलकरांची ड्युटी कधी सकाळची, कधी दुपारची. पण ते रस्त्यावर असले की सायकलवाला हजर. रजेच्या दिवशी काय झालं, ते त्यांनी टपरीवाल्याला विचारलं.

"नाय ओ, काल कोण फिरकला नाय."

म्हणजे फितुरी! चौकीतलं कोणीतरी खबर देत होतं. कोण देणार? बीट ज्याला मिळणार तो. त्यांनी विनीतला थाप मारली की उद्या चिपळूणला कोर्टात जायचंय. सकाळी मालनने बांधून दिलेली भाकरी घेतली आणि गुपचूप भाट्याच्या बाजूने येऊन एका बागेच्या कुंपणाआड उभे राहिले.

पाच मिनिटांत घंटी वाजली. तीनदा.

विनीत नव्हे, मग कोण? साहेब? साहेबांवर संशय घेताना त्यांना स्वतःचीच लाज वाटली, पण त्यांनी तो घेतलाच.

आता त्यांना दुसरं काही सुचेना. पौषात त्यांनी दुसरं वळण गाठलं, माघात तिसरं. पँट कमरेवरून घसरू लागली. मालनने ती दोनदा मशीनवर आत घेतली आणि एकदाही कुरकुरली नाही. टपरीवरचे हसायचे थांबले. "हवालदार, आज धराच," म्हणून उठून उभे राहू लागले.

शिमग्याला आठ दिवस उरले असताना त्यांनी त्याला धरलं. चढ संपून सड्याचा सपाट माळ लागतो तिथे ते पेडलवर उभे राहिले, जीव खाऊन पुढे गेले आणि सायकल आडवी घातली. करकचून ब्रेक लागला.

"उतर खाली! फडकं काढ!"

फडकं निघालं, चष्मा निघाला, हेल्मेट निघालं. तिशीतली एक बाई धापा टाकत उभी होती. शिवलकर क्षणभर गांगरले. मग त्यांनी वही काढली.

"नाव?"

"शमिका. मिरजोळ्याला कंपनीत आहे. जिल्ह्याच्या सायकल शर्यतींत उतरते."

"चार महिने पोलिसाची थट्टा करता? सगळी ड्युटी ठाऊक तुम्हाला! कोण फितूर हाय आमच्यात? नाव सांगा त्याचं, इथंच लिवतो."

तिने त्यांना वरपासून खालपर्यंत नीट न्याहाळलं, आणि तिचा चेहरा पडला.

"मालनकाकी रागावतील ओ आता. पंधरा किलो उतरेपर्यंत सापडू नकोस, म्हणून बजावलं होतं त्यांनी."