डावीकडचा भार

श्रेयांसने हौसेने घेतलेली जुनी फियाट धुळ्याच्या नईम मिस्त्रीने खाली बसवायला घेतली. पुढच्या स्प्रिंगा कापल्या, मागच्या कमानींचे दोन-दोन पाटे कमी केले. भर दुपारी जॅक काढला, तर गाडी मागच्या डाव्या बाजूला चार बोटं जास्त दबलेली.

नईमने दोन्हीकडचे पाटे अदलाबदल करून पाहिले, हवा तपासली, डिकी रिकामी केली. गाडी तशीच कललेली राहिली.

"श्रेयांसभाऊ, इथे कोण बसायचं?"

"काय माहीत? गेल्या महिन्यात भडगावहून आणली. विकणाऱ्याने किल्ली दिली आणि घरात जाऊन दार लावून घेतलं."

नईम बराच वेळ त्या रिकाम्या सीटकडे बघत राहिला. मग काय मनात आलं कुणास ठाऊक, त्याने मागचं डावं दार उघडलं आणि हळूच म्हणाला, "उतरा."

पाटे कुरकुरले. गाडी सावकाश वर आली आणि अगदी सपाट उभी राहिली.

श्रेयांसने स्वतःच्या हाताने दार लावलं आणि मागे न बघता गाडी घेऊन गेला.

गॅरेजच्या दारातल्या खाटेवर नईम टेकला आणि त्याने डोळे मिटून घेतले.

त्याच्या डाव्या बाजूला खाटेची दोरी करकरली, आणि हळूहळू खाली जाऊ लागली.